कादंबरीचे पंचीकरण

कादंबरीत तत्त्वज्ञान असावे की नसावे, हा वाद मराठी समीक्षेत अनेकदा झाला आणि बहुतेक वेळा तो एकाच गृहीतकावर उभा राहिला. ते असावे असे मानणारे समीक्षक कादंबरीतून सुटी करून घेता येतील अशी विधाने शोधत राहिले. ते नसावे असे मानणाऱ्यांना तशी विधाने सापडली की कलाकृतीच्या एकात्मतेला बाध आल्यासारखे वाटले. तत्त्वज्ञान म्हणजे विधानांचा संच, हे दोन्ही पक्षांना मान्यच होते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी या तालुक्याच्या गावी राहणारा एक वाचक चाळीसहून अधिक वर्षे या गृहीतकाशी झगडत आला आहे. त्याच्या झगड्याला गेल्या काही वर्षांत चित्रकादंबऱ्यांच्या वाचनाने जे वळण लागले ते नोंदवण्याजोगे आहे. कारण त्या वळणावर त्याच्या हाती लागलेली संकल्पना पॅरिसहून किंवा येलहून आलेली नाही, शेजारच्या अंबाजोगाईहून आलेली आहे.

वाशी म्हटले की बाहेरच्या माणसाला नवी मुंबई आठवते. पुस्तके मागवताना पत्त्यात जिल्ह्याचे नाव ठळक लिहावे लागते, एरवी पार्सल खाडीकाठी पोचायचे, असे हा वाचक हसत सांगतो. हे गाव बालाघाटाच्या पठारावर, सोलापूर–बीड महामार्गापासून थोडे आत आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्यामुळे पुण्या-मुंबईत जी मराठी कादंबरी १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासून हळूहळू वाढली, तिचा वाचकवर्ग येथे फार उशिरा तयार झाला. या वाचकाच्या घरातही कादंबरी उशिराच आली. त्याआधी होती ती सार्थ ज्ञानेश्वरी, आणि तिच्या शेजारी ‘चांदोबा’चे अंक. म्हणजे आधी ओवीबद्ध तत्त्वचिंतन आणि चित्रांसह गोष्ट, आणि नंतर केव्हातरी गद्य कादंबरी, असा त्याच्या वाचनाचा क्रम राहिला. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत हा क्रम विकासाचा म्हणून मांडला जातो. ओवी मागे पडते, चित्रे बालविभागात जातात आणि प्रौढ वाचकाच्या हाती कादंबरी उरते. आपण असे कोठे मागे टाकत आलो, हे या वाचकाला कधी उमगले नाही.

‘कोसला’ (१९६३) त्याने औरंगाबादला विद्यार्थी असताना, १९७० च्या दशकाच्या मध्यावर वाचली. तोवर तिच्यावर अस्तित्ववादाचा शिक्का बसलेला होता. वर्गात पांडुरंग सांगवीकराचा परिचय व्हायचा तो सार्त्र आणि काम्यू यांच्या ओळीत उभा केलेला उमेदवार म्हणून. या वाचकाला त्या शिक्क्याचा राग आला नाही, पण उपयोगही कळला नाही. मनीच्या मृत्यूनंतरची पाने आणि अजिंठ्याचा प्रसंग वाचताना त्याला जे झाले, ते कोणत्याही वादाच्या नावाने सांगता येण्यासारखे नव्हते. तेथे दुःखावर चिंतन केलेले नाही. वाक्यांची चालच अशी बदलते की वाचणाऱ्याला पुढचे पाऊल टाकताना जमीन चाचपून पाहावी लागते. हे तत्त्वज्ञान म्हणायचे की नाही? आणि म्हणायचे नसेल तर सार्त्रच्या कादंबरीतील लांबच लांब मननालाच ते नाव का द्यायचे?

पुढे महाविद्यालयात मराठी शिकवू लागल्यावर त्याने हा प्रश्न बाजूला ठेवला नाही. मे. पुं. रेगे यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘नवभारत’चे जुने अंक त्याने मिळतील तेथून मिळवले. व्हिट्‌गेनस्टाइनच्या ‘ट्रॅक्टेटस’मधील (१९२१) सांगणे आणि दाखवणे यांतला भेद त्याला तेथूनच वाट काढत भेटला, आणि तो त्याच्या मनात रुतून बसला. विलास सारंगांचे ‘सिसिफस आणि बेलाक्वा’ (१९८२) आले. श्याम मनोहरांची ‘कळ’ (१९९६) आणि त्यानंतर दहा वर्षांनी ‘उत्सुकतेने मी झोपलो’ आली. मनोहर फिक्शनकडे ज्ञान निर्माण करणारी शाखा म्हणून पाहत आले आहेत. त्यांच्या पात्रांना साधे चहा पितानाही एखादी संकल्पना सुचते आणि ती नीट न सुचल्याचा त्रासही होतो. या वाचकाला ही भूमिका मनापासून पटते. तरी त्याची एक तक्रार राहते: मनोहरांच्या कादंबरीत विचार दिसतो तो विचार करणाऱ्याच्या आवाजातून. आवाज बंद झाला की विचारही थांबतो. आवाजाशिवाय विचार घडू शकेल असा कथनाचा काही प्रकार आहे काय?

येथे त्याचा भाचा प्रवेश करतो. भाचा पुण्याला नोकरी करतो, चित्रे काढतो, आणि दिवाळीला येताना पिशवीत जाडजूड चित्रकादंबऱ्या आणतो. ‘ग्राफिक नॉव्हेल’ला मराठीत ‘चित्रकादंबरी’ हा शब्द रूढ होऊ पाहत असला तरी भाच्याला तो आवडत नाही. त्याने कादंबरीलाच मोठेपण मिळते, असे त्याचे म्हणणे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मामा-भाचे दोघे ग्रंथप्रदर्शनात हिंडले. मराठीतील प्रौढांसाठीच्या चित्रकादंबऱ्या शोधायच्या असे ठरले होते. संध्याकाळपर्यंत पिशवीत जमली ती कवितेची चार पुस्तके.

पहिल्या दिवाळीत भाच्याने दिली ती आर्ट स्पीगलमनची ‘माऊस’. तिचे दोन भाग १९८६ आणि १९९१ साली पुस्तकरूपाने निघाले आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बापाची कहाणी मुलगा ध्वनिमुद्रित करतो आणि चित्रांत मांडतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरे. भाच्याने ती दुपारच्या तीन तासांत वाचली होती. मामाला पाच दिवस लागले.

“मामा, तुम्ही फुग्यांतले शब्दच वाचताय,” भाचा म्हणाला. “दोन चौकटींच्या मधली जागा बघा. खरी गोष्ट तिथं घडते.”

“त्या जागेला तुमच्यात काय म्हणतात?”

“गटर.”

यावर बराच वेळ हसणे झाले. स्कॉट मॅक्लाउडने ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये (१९९३) मांडलेली उपपत्ती भाच्याने मग समजावून सांगितली. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली असते, पुढच्या चौकटीत शहरावर उमटलेली किंकाळी असते. घाव घालतो तो मधल्या कोऱ्या पट्टीत, आणि घालणारा असतो वाचक. मराठीत या पट्टीला ‘गटर’ म्हणणे शक्य नसल्याने मामाने ‘फट’ असा शब्द पक्का केला. पण त्याचा आक्षेपही होता. वाचकाला गुंतवणारी रिकामी जागा ही काही चित्रकादंबरीची मिरास नव्हे. वोल्फगांग इझरने तिच्यावर एक समग्र वाचनमीमांसा उभारलेली आहे आणि आपल्याकडे ध्वनिसिद्धान्त तर हजार वर्षांहून जुना आहे. फरक एवढाच की कादंबरीतली फट अदृश्य असते. चित्रकादंबरीत ती पानावर मोजता येते. या ‘एवढाच’ने पुढे त्याची पाठ सोडली नाही.

अंबाजोगाई वाशीहून कळंबमार्गे फार लांब नाही. मुकुंदराजांची समाधी तेथे दाखवतात आणि १६१५ साली दिवंगत झालेल्या दासोपंतांचीही. दासोपंतांच्या नावावर ‘गीतार्णव’ ही सव्वा लाख ओव्यांची प्रचंड गीताटीका आहे, पण विद्वानांपलीकडच्या लोकांना ते माहीत आहेत ते पासोडीमुळे. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तविषय ओव्यांत लिहिला आणि त्यात आकृत्याही मांडल्या. या वाचकाला तिचे दर्शन तरुणपणी घडले होते. तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले ते एक वाङ्मयीन नवल म्हणून. चित्रकादंबऱ्या वाचू लागल्यावर त्याला ती वेगळ्या कारणाने आठवली. ग्रंथ आपण धरतो आणि पाने आपल्यासमोर येतात. पासोडी आपल्यासमोर येत नाही. ती पसरलेली असते आणि आपल्याला तिच्या कडेने चालत जावे लागते. पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा विचार येथे वाचायचाही आहे आणि एका नजरेत पाहायचाही. मराठीत कादंबरी जन्मण्याच्या अडीचशे वर्षे आधी या भागातल्या एका माणसाला असे वाटले होते की काही विचार ओळीत मावत नाहीत, त्यांना विस्तीर्ण पृष्ठभाग लागतो.

पंचीकरणाची प्रक्रिया तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, तरी या वाचकाने तिचा केलेला उपयोग कळण्यासाठी ती येथे सांगितली पाहिजे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही भूते मुळात सूक्ष्म असतात आणि त्या शुद्ध अवस्थेत इंद्रियांना गोचर होत नाहीत. प्रत्येकाचे आधी दोन भाग होतात. एक अर्धा भाग तसाच राहतो, दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग होऊन ते इतर चौघांत वाटले जातात. त्यामुळे अनुभवाला येणारी पृथ्वी निम्मी पृथ्वी असते आणि उरलेल्या निम्म्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. तरी तिला पृथ्वीच म्हणायचे; नाव प्राबल्यावरून पडते. शुद्ध असते ते अनुभवाला येत नाही आणि अनुभवाला येते ते शुद्ध नसते.

वाङ्मयप्रकारांच्या चर्चेत ही प्रक्रिया आणून ठेवली की पुष्कळ धूळ खाली बसते, असे या वाचकाला वाटू लागले. शुद्ध तत्त्वज्ञान, शुद्ध कथा, शुद्ध चित्र असे काही अनुभवाला येतच नसेल, तर कादंबरीत तत्त्वज्ञान असावे की नसावे हा प्रश्नच उरत नाही. ते अष्टमांशाने तेथे असणारच. विचारायचे ते एवढे की या पुस्तकातला निम्मा भाग कशाचा आहे आणि कोणता अष्टमांश यायचा राहून गेला आहे. हे रूपक फार ताणायचे नाही, हेही त्याला कळते. वहीत त्याने एकदा पाच भूतांसमोर पाच वाङ्मयीन घटक लिहून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यातले चार खोडले. असली कोष्टके परीक्षेच्या मार्गदर्शकांत शोभतात. एक जोडी मात्र त्याने ठेवली: आकाश आणि फट. पाचांपैकी आकाश हे एकच भूत असे की ते म्हणजे केवळ अवकाश. तरी मिश्रणात त्याचाही वाटा धरलेला आहे, आणि इतरांइतकाच.

ही कसोटी त्याने पुढच्या पुस्तकांना लावली. ‘लॉजिकॉमिक्स’ (२००९) ही डॉक्सियाडिस आणि पापादिमित्रिऊ यांची चित्रकादंबरी भाच्याने मोठ्या आशेने आणली होती. बर्ट्रांड रसेलने गणिताच्या पायाचा घेतलेला शोध हा तिचा विषय, म्हणजे मामासाठीच काढलेले पुस्तक. मामाने ते आवडीने वाचले आणि नापास केले. तेथे फ्रेगे आहे, खंदकातला व्हिट्‌गेनस्टाइन आहे, वेडाची भीती आहे. विचार करणाऱ्यांची चित्रे आहेत. विचार मात्र फुग्यांतल्या शब्दांत आहे आणि चित्रे पुसली तरी त्याचे काही बिघडत नाही. चरित्र निम्मे, इतिहास निम्मा, आणि मिश्रण राहून गेले. उलट निक सूसानिसचे ‘अनफ्लॅटनिंग’ (२०१५). कोलंबिया विद्यापीठात चित्रमालिकेच्या रूपातच सादर झालेला हा प्रबंध. त्यात गोष्ट जवळपास नाहीच, पण युक्तिवादाची पायरी पानाच्या रचनेत आहे. शब्द झाकून ठेवले तरी काहीतरी कळते, चित्रे झाकली तर काहीच कळत नाही. पासोडीचा दूरचा नातलग म्हणून या वाचकाने त्याचे स्वागत केले. मात्र ते वाचून कोणाच्या घशात आवंढा यावा, असे काही त्यात नाही, हेही त्याने भाच्याला ऐकवले.

काम्यूच्या ‘ल’एत्रांजे’चे (१९४२) जाक फेरांदेझने २०१३ मध्ये केलेले चित्ररूप हे या दोहोंपेक्षा अवघड प्रकरण आहे, आणि मामा-भाच्याचे एकमत त्यावर अजून झालेले नाही. फेरांदेझ स्वतः अल्जिअर्सला जन्मलेला. त्याच्या जलरंगांत तो समुद्रकिनारा, ते ऊन, त्या गल्ल्या इतक्या खऱ्या उतरतात की काम्यूची कोरडी वाक्ये वाचताना जे कल्पावे लागत होते ते समोर येते. नेमकी येथेच या वाचकाची हरकत आहे. मूळ कादंबरीत मर्सो ‘मी’ आहे. त्याला चेहरा नाही. तो आरशात पाहतो तेव्हाही आपल्याला काही दिसत नाही. चित्रात त्याला चेहरा मिळाला, तरुण आणि देखणा, आणि त्याबरोबर तो इतरांसारखाच एक ‘तो’ झाला. परकेपणाची सगळी मीमांसा त्या प्रथमपुरुषी सर्वनामात होती. भाच्याचे म्हणणे याच्या उलट आहे: अरबाला काम्यूने नाव दिले नाही आणि चेहराही दिला नाही, चित्रकाराला मात्र तो काढावाच लागला. कादंबरी ज्याला वगळून पुढे जाऊ शकली त्याला चित्र वगळू शकत नाही, हा चित्राचा नैतिक फायदा नव्हे काय? मामाला याचे उत्तर अजून द्यायचे आहे. वादात भाच्याची बाजू या एका ठिकाणी वजनदार आहे, असेच म्हणावे लागते.

चित्र कोणाला वगळू शकत नाही, हा मुद्दा या भागात केवळ सैद्धान्तिक राहत नाही. ‘भीमायन’ (२०११) हे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने चितारलेले, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेले पुस्तक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांवर ते आधारलेले आहे. या वाचकाने ती टिपणे पूर्वी वाचली होती, शिकवलीही होती. त्यातला दौलताबादचा प्रसंग १९३४ सालचा आणि मराठवाड्यातला, म्हणजे निजामी मुलखातला. प्रवासाने धुळीने माखलेली मंडळी किल्ल्याच्या दाराशी हौदावर हातपाय धुतात आणि पाणी बाटवल्याचा गलका होतो. शेवटी किल्ला पाहू दिला जातो तो पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई देऊन. याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे १९४१ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांगांची परिषद भरली होती, हे येथील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

व्याम दांपत्याने चौकटीच मोडून टाकल्या आहेत. गोंड चित्रशैलीतल्या नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात आणि प्रसंगांना वेगळे करतात, पण कोंडत नाहीत. बोलण्याचे फुगेही दोन जातींचे: सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलणे विंचवाच्या नांगीसह. या नांगीपाशी हा वाचक बराच काळ थांबला. गद्यात ‘तो म्हणाला’ असे लिहिले की म्हणणारा आणि म्हणणे यांत एक सभ्य अंतर पडते. बाबासाहेबांचे गद्य तर इतके संयत आहे की डंख वाचकाला स्वतः लावून घ्यावा लागतो. चित्रात तो आधी दिसतो, शब्द नंतर वाचले जातात. काहींना हे ढोबळ वाटेल. या वाचकाला ते भाषेविषयीचे एक विधान वाटले: शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा आघात या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आघात अर्थाच्या आधी पोचतो. ‘अमृतानुभवा’च्या सहाव्या प्रकरणात ज्ञानदेव शब्दाचे खंडन करतात, पण तेथला शब्द ज्ञानाचे साधन म्हणून अपुरा ठरतो. शब्द विंचू म्हणून कोणाला डसला असेल, याचा विचार त्या परंपरेला करावा लागला नाही. तो करायला परधान गोंडांचा हात लागला, ही गोष्ट मराठी चित्रकारांनी आणि समीक्षकांनी थोडी मनाला लावून घ्यावी.

येथेच एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. चित्रकादंबरी आपल्याला नवी नाही, चित्रकथी आपल्याकडे होतेच, असे अभिमानाने सांगण्याची पद्धत आता पडू लागली आहे. त्याला आधार नाही असे नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख येतो, ते कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, या भागाला परके नाही. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रे आहेत, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही परंपरा टिकवली आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण चित्रकथीच्या पोथीतली चित्रे कोणी एकटा बसून वाचत नव्हता. ती एकेक करून समोर धरली जात, आणि दोन चित्रांमधली फट सांगणाऱ्याच्या आवाजाने, वाद्याने आणि जमलेल्या माणसांनी भरलेली असे. चित्रकादंबरीचा वाचक तेथे एकटा असतो. देशी वंशावळ लावण्याच्या नादात हा एकटेपणा पुसला गेला तर या रूपाचे जे नवेपण आहे तेच हातातून निसटते. पासोडीलाही हीच सूचना लागू आहे: तीत गोष्ट नाही. तिला मराठीतील पहिली चित्रकादंबरी ठरवण्याचा मोह भाच्याला झाला होता. मामाने तो मोडून काढला.

मग या सगळ्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. या वाचकाच्या बाबतीत ती गरज १९९३ च्या ३० सप्टेंबरपासूनची आहे. त्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे जमीनदोस्त झाली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे तेव्हा देशभर पोचली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली झोपलेली हजारो माणसे गेली. वाशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तेथे केवळ हादरे जाणवले. महिन्याभरात हा वाचक आपल्या विद्यार्थ्यांसह मदतकार्याच्या शिबिरासाठी त्या भागात गेला. मुले पत्रे उभारत होती, आणि त्याच्याकडे काम आले ते नोंदी करण्याचे: घरात किती माणसे, किती गेली.

एका बाईने उत्तर दिले नाही. पन्नाशीच्या आसपासच्या असाव्यात. दोनदा विचारल्यावर त्या खाली बसल्या आणि काडीने मातीवर घर काढू लागल्या. आधी बाहेरची भिंत, मग ढाळज, मग ओसरी, माजघर, देवळी, बळद. मग प्रत्येक खोलीत काडीने टिंबे. कोणत्या टिंबाचे नाव काय, हे त्यांनी सांगितले नाही. काही टिंबे मोठी होती, काही लहान. दारापाशी एक टिंब काढून त्यावर बोट ठेवले आणि ते स्वतःच्या छातीला लावले. नोंदणीच्या कागदावर आकडे लिहायचे होते ते त्याने टिंबे मोजून लिहिले. संध्याकाळी मुक्कामी आल्यावर ती आकृती त्याने वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवली.

त्या वेळी ‘माऊस’ त्याने पाहिली नव्हती. आज तो म्हणतो की त्या बाईने जे काढले त्यात गोष्ट होती, काळ होता, कोण कोणाजवळ निजत होते याचा सगळा कौटुंबिक इतिहास होता, आणि मृत्यूविषयीचे असे एक विधानही होते की जे विधान म्हणून उच्चारले तर खोटे वाटेल. त्यांना सांगता येत नव्हते असे नव्हे. त्यांनी दाखवणे पसंत केले. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने त्या भागात नवी गावे वसली: सरळ रस्ते, समान अंतरावर एकसारखी घरे, वरून पाहिले तर कॉमिक्सच्या पानासारखी चौकटींची रचना. जुन्या गावाच्या वाकड्या गल्ल्या आणि नव्या गावातल्या घराघरांमधल्या मोकळ्या जागा यांवर या वाचकाने एकदा एक लेख लिहायला घेतला होता. गल्ली म्हणजे कादंबरी आणि चौकट म्हणजे चित्रकादंबरी, अशी त्याची मांडणी होती. उपमा फारच सोयीची आहे असे वाटून त्याने ती दोन पानांवर सोडून दिली. ज्यांनी त्या मोकळ्या जागांत आयुष्य काढले त्यांच्यासाठी ती फट नव्हती, उन्हात चालण्याचे अंतर होते.

गेल्या दिवाळीत भाच्याने ती वही पाहिली. आकृतीवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने तिचे छायाचित्र घेऊ का म्हणून विचारले. तिच्यावरून पूर्ण पुस्तक उभे करता येईल, मधली पाने कोरी ठेवायची, असे काहीतरी त्याच्या मनात होते.

“त्यांनी ते मातीवर काढलं होतं,” मामा म्हणाला. “कागदावर आणलं ते मी.”

“म्हणून काय झालं?”

मामाने स्पीगलमनचा दाखला दिला. दुसऱ्या भागात तो स्वतःला उंदराचा मुखवटा लावून टेबलाशी बसलेला काढतो, आणि टेबलाखाली प्रेतांचा ढीग असतो. तो तर आपल्या बापाचीच गोष्ट काढत होता, तरी त्याला ते पान काढावे लागले. आपण कोणाची काढणार? भाच्याने प्रतिप्रश्न केला की न काढणे हेही कोणाच्या तरी बाजूने असते, आणि काम्यूच्या अरबाची आठवण करून दिली. बोलणे तेथेच राहिले, कारण जेवणाची वेळ झाली होती. भाचा पुण्याला परत गेला. वही वाशीलाच आहे, आणि त्या पानात मामाने खुणेसाठी घातलेली चिठ्ठी अजून काढलेली नाही.